नळीवरचं नाणं

मानसिंग आबांनी सांगलीत एका साहेबावर बंदूक रोखली आणि पोलिसांनी त्यांना जीपमध्ये घालून नेलं, ही बातमी आबा एसटीतून गावात उतरायच्या आधीच उतरली होती. गुंडाच्या सलूनमध्ये ती सगळ्यात रंगली. गुंडा दाढी करताना फार हळू बोलतो. ऐकायला मान पुढं करावी लागते, आणि वस्तरा गळ्याशी असल्यामुळे ती करताही येत नाही. "साहेब म्हनला, पोरगी बसत न्हाई. आबांनी काडली, लावली कपाळाला. साहेबाची प्यांट वली." डेअरीवर धनाजीचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते नाकातून होतं. "कपाळाला न्हवं गड्या, छातीला. कपाळाला कोन लावतंय?"

मला दोघांचेही आवाज काढता येतात. गुंडाचा काढताना गिऱ्हाइकाचा गळा पण दाखवावा लागतो, नाहीतर मजा येत नाही. पण खरं काय झालं ते दोघांनाही ठाऊक नाही. मला आहे, कारण मी तिथं होते. आबांनी बंदूक उचलली, एवढं खरं. ती रोखली होती पुठ्ठ्याच्या निशाणावर. जीप नव्हती, पोलीस नव्हते, साहेबाची पँट कोरडी होती. नंतर आबा टेबलापाशी सावधान उभे राहिले, ते झाडूवाल्या मावशी "आवं बाबा, सरका की वाईच" म्हणेपर्यंत. गुंडाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट लहान आहे आणि जास्त वाईट आहे.

मानसिंग आबा आमचे शेजारी. लांबच्या नात्यानं माझे आजोबा. आमच्याकडं, कडेगावच्या पट्ट्यात, फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, म्हणून आबाही मेजर. खरं तर ते हवालदार होऊन आले. नोकरीतली बरीच वर्षं ते कोतमध्ये होते. कोत म्हणजे पलटणीचं हत्यारघर. जवान पहाटे येऊन रायफली घेऊन जाणार, संध्याकाळी परत करणार, आणि आबा प्रत्येक नळीत डोळा घालून बघणार. "आरशावानी दिसली पायजे. न्हाई दिसली की परत धाडायचो. जेवायला बसलेला मानूस उठवून धाडायचो." हे सांगताना ते एक डोळा मिटतात आणि दुसऱ्यानं आपल्या तोंडात बघतात. आपण तोंड मिटून घेतो.

पलटणीच्या नेमबाजीच्या संघात मात्र त्यांना कधी घेतलं नाही. ज्याच्याकडं किल्ल्या असतात त्याला मैदानावर कोण सोडणार? संघ जायचा, बक्षिसं घेऊन यायचा, आणि त्या रायफली परत आल्या की आबा त्या पुसायचे. हे ते कुणाला सांगत नाहीत. त्यांची बायको, चंद्राबाई आजी, सांगते, तेही आबा भैरोबाच्या देवळाकडं गेले असतील तर.

शिवांजली त्यांची नात. तिचे आईबाप धाकट्याला घेऊन पुण्याला कंपनीत. ही आजीच्या सोबतीला इथं राहिली, ती राहिलीच. आम्ही एका वर्गात, एका उंचीच्या, एका मापाच्या. फरक एवढाच की मी बोलते आणि ती बोलत नाही. माझी आई वाईची, तिनं हौसेनं माझं नाव अबोली ठेवलं. ते शिवांजलीला द्यायला हवं होतं.

आमच्या शाळेत प्रमोदिनी मॅडम आल्या साताऱ्याहून. त्यांनी मागच्या बंद पडलेल्या गोडाऊनमध्ये छर्‍याच्या बंदुकीचा नेम शिकवायला सुरुवात केली. शाळेकडं बंदूक एकच. रांग लावून सगळ्यांनी मारायचं. मी मारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अबोली, निशाण समोर आहे गं, छपरावर नाही." मॅडम 'गं' इतका गोड लावतात की अपमान झालेला घरी गेल्यावर कळतो. शिवांजलीनं मारलं तेव्हा त्या स्वतः निशाणापर्यंत चालत गेल्या. पुठ्ठा काढून आणला, उजेडात धरला आणि तिला परत मारायला सांगितलं.

मग सांगलीचं निघालं. एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह, नेमबाजीसाठी. निवड झाली की राहणं, शिक्षण, सराव, सगळं तिथंच. अट वयाची होती, आणि शिवांजलीला या एका वर्षापुरतं जमत होतं. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. यंदा निवड झाली नाही तर काय, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दहावी झाली की पुण्याची मंडळी एक स्थळ घेऊन तयार होती. अजून ठरलं काही नव्हतं, पण "बघून ठेवायला काय जातंय" हे वाक्य तिची आई फोनवर दर रविवारी म्हणायची.

मॅडम म्हणाल्या, "कुणाला स्वतःची बंदूक घेणं जमणार असेल तर बरं होईल. सरावाला वेळ मिळतो." त्या कुणाला म्हणाल्या नाहीत, पण शिवांजलीकडं बघून म्हणाल्या. तिनं घरी सांगितलं. आबा त्या वेळी दोरी वळत होते. दोरी खाली ठेवून ते उठले आणि इस्त्रीचा शर्ट शोधायला लागले. दुकानं दुसऱ्या दिवशी उघडणार होती.

साताऱ्याला आम्ही तिघं गेलो. आबांना फौजेच्या कँटीनमध्येही जायचं होतंच. मला का नेलं म्हणाल तर एसटीत करमणूक म्हणून. बंदुकांचं दुकान पोवई नाक्याच्या पुढं एका बोळात. दुकानदार शौनक म्हणून तरणा माणूस, चष्मा, आणि प्रत्येक वाक्यात 'ॲक्च्युअली'. नकलेला इतका सोपा माणूस मला आजवर भेटला नाही.

"ॲक्च्युअली काका, कोण वापरणार ते सांगा ना."

"नात."

"नवीन शिकतायत का? मग आपण असं करू ना, आधी ताईंनाच हातात देऊ. खांद्याला लावून जरा वेळ धरायची. हात थरथरायला लागला की ती बंदूक त्यांची नाही. मग नळी मोडून, म्हणजे खाली वाकवून बघायची, त्यानंच आतली स्प्रिंग भरते. एकटीनं भरता आली पाहिजे. कुणाच्या मदतीनं भरायला लागत असेल तर तीही त्यांची नाही. किती जोरात मारते हे ॲक्च्युअली सगळ्यात शेवटी बघायचं."

आबांनी हे सगळं ऐकलं. कोतमध्ये नवा रंगरूट काही सांगायला आला तर जसं ऐकत असतील तसं.

"सगळ्यात कडक कोंची?"

शौनकनं वरच्या फळीवरची काढली. आबांनी ती घेतली, खांद्याला लावली, गाल टेकवला. नळी मोडून भरली. त्यांच्या हाताच्या शिरा उठल्या आणि चेहरा आमच्या ओळखीचा राहिला नाही. गोठ्यात शेण काढणारा माणूस तो नव्हताच.

"ही."

"काका, ही त्यांना जड होईल ना. हिची स्प्रिंग ताठ आहे. ही बघा, ही हलकी—"

"हलकी बंदूक म्हंजे पिचकारी. ती रंगपंचमीला घिऊ."

शिवांजली माझ्या शेजारी ओढणीत हात गुंडाळून उभी होती. तिनं दोन्हीपैकी एकीलाही हात लावला नाही. तिला कुणी दिलीच नाही. लायसन लागत नाही, पण ओळखपत्र लागतं, आबांनी आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं, आणि ती बंदूक आबांच्या मापानं, आबांच्या खांद्याला, आबांच्या नावावर झाली.

बांधून देताना शौनक म्हणाला, "एक ॲक्च्युअली फार महत्त्वाचं. रिकामी मारायची नाही. ही हवेची आहे. छर्रा नसताना घोडा दाबला तर आतला दट्ट्या जोरात जाऊन आपटतो. छर्‍यामुळेच तो सावकाश बसतो. रिकामी मारत राहिलात तर स्प्रिंग जाईल, वायसर जाईल. आणि नळीत तेल घालू नका ना."

आबांनी माझ्याकडं बघून डोळा मारला. "ऐकलं का गं? तेल कुटं घालायचं ते मला सांगतोय."

घरी आल्यावर पहिलं काम काय, तर तेल. गजाला चिंधी गुंडाळून, तेलात बुडवून, नळीतून इकडून तिकडं. मग आणखी थोडं, आतल्या भागाला. संध्याकाळी अंगणात माणसं जमली. आबांनी पहिला बार स्वतः काढला. मोठा आवाज झाला आणि नळीतून निळसर धूर आला. धनाजी म्हणाला, "मेजर, ही खरीच हाय का काय?"

"बग की. वाजली कशी." आबांच्या मिशा हसत होत्या. आत घातलेलं तेल पेटून ती बंदूक आतून स्वतःलाच जाळत होती, हे मला फार उशिरा कळलं, तेव्हा त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आबांची कवायत. ती फौजेतली, आणि फौजेत ती बरोबरच आहे. रायफल रिकामी ठेवायची, नळीच्या टोकावर नाणं ठेवायचं, श्वास रोखून घोडा दाबायचा. नाणं पडलं नाही तर हात स्थिर. गावातली कितीतरी पोरं त्यांनी या नाण्यावर तयार करून भरतीला धाडली, ती आज कुठं कुठं बर्फात उभी आहेत. "नानं न्हाई पडलं तर छर्रा. नानं पडलं तर छर्रा न्हाई." छर्‍यांचा डबा त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कंबरेला अडकवली.

शिवांजलीला बंदूक भरताच येईना. नळी गुडघ्यावर घेऊन, ओठ चावून, अंगाचा सगळा भार टाकून ती मोडायची. मग उभी राहायची. आबा नाणं ठेवायचे. ती घोडा दाबायची. आत धाडकन आपटायचं, बंदूक हातात उडी मारायची आणि नाणं मातीत.

"हाललीस."

परत.

"हाललीस. साँस रोको म्हनलं की रोको. म्हशीवानी सोडायचा न्हाई."

परत. तिच्या तळहाताला फोड आले, फुटले, तिथं कातडं जाड झालं. नाणं पडतच राहिलं. शाळेच्या बंदुकीवर पुठ्ठ्याच्या मधोमध मारणारी पोरगी, तिच्या हातून नाणं राहीना. एकदा ती मला म्हणाली, "अबे, शाळंत कसं लागतंय गं मग? नशीबच म्हनायचं." तिनं ते नशीब धरलं आणि नाणं खरं धरलं.

रिकामी मारू नका, हे मी सांगितलं नाही असं नाही. एकदा जेवताना सांगितलं. पण माझं सांगणं म्हणजे कसं, मी सरळ शौनक झाले. चष्मा नाकावर ढकलला आणि म्हणाले, "काका, एक ॲक्च्युअली फार महत्त्वाचं, रिकामी मारायची नाही ना." चंद्राबाई आजीच्या हातातलं कालवणाचं पळं सांडलं. आबांना भाकरीचा ठसका लागला. "पुन्यांदा कर, पुन्यांदा." मी पुन्हा केलं. दुसऱ्यांदा अजून झकास झालं. शिवांजलीही हसली, आणि जेवण झाल्यावर परत अंगणात उभी राहिली.

शाळेत मॅडमनी तिला विचारलं, "घरी रिकामी मारत नाहीस ना गं?"

"न्हाई मॅडम."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "खोटं का बोल्लीस?"

"मग काय सांगू? आबांना येत न्हाई म्हनून सांगू?"

मॅडमनी शाळेची बंदूक आमच्याच वर्गातल्या ओवीला दिली, सरावाला पण आणि सांगलीलाही. शिवांजलीकडं स्वतःची होती ना.

मग हळूहळू चमत्कार व्हायला लागला. बंदूक भरणं सोपं झालं. आधी गुडघा लागायचा, आता ती उभ्या उभ्या मोडायला लागली. आबा रस्त्यानं जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. "दंड बग पोरीचा. पैल्यांदा काय हुतं आन् आता काय हाय." आणि एक दिवस घोडा दाबल्यावर धाडकन झालंच नाही. फुस्स झालं, आणि नाणं जागेवर. आबांनी दुसऱ्यांदा ठेवलं. जागेवर. तिसऱ्यांदा ठेवून ते स्वतः तिच्यासमोर उकिडवे बसले आणि त्या नाण्याकडं बघत राहिले.

चंद्राबाई आजीनं गूळ वाटला. आबांनी कंबरेची किल्ली काढली.

छर्रा घातला आणि पहिलाच पुठ्ठ्याच्या खाली भिंतीवर. दुसरा आणखी खाली. तिसरा कुठं गेला ते सापडलं नाही. सांगलीला चार-दोन दिवस उरले होते. आबा निशाणाकडं चालत गेले, भिंतीवरच्या खुणा बोटानं चाचपून परत आले आणि म्हणाले, "नेम ढिला हाय तुजा. नानं ऱ्हातंय तरी ढिला. म्हंजे छर्रा बगून भितीस."

"भ्येत न्हाई मी."

"हात सांगतोय की."

ती आपल्या हाताकडं बघायला लागली. मी तिला हात कामाला लावताना बघितलंय, भांडी घासताना, माझ्या वेण्या घालताना. त्या दिवशी ती हाताकडं असं बघत होती, जसं चोरीत सापडलेल्या गड्याकडं बघावं.

सांगलीला सगळे गेलो. आबांनी छातीवर पदकं लावली नाहीत, पण बूट पलटणीच्या तऱ्हेनं चमकवले होते. मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, पलीकडं पुठ्ठ्यांची रांग. निवड करायला वीरधवल म्हणून साहेब होते. साधे, कमी बोलणारे. मी त्यांची नक्कल करून बघितलीय, त्यात काही सापडत नाही.

ओवीनं शाळेच्या बंदुकीवर मारलं. बरं मारलं. शिवांजलीइतकं नाही, म्हणजे शिवांजली ज्या दिवसांत मारायची तितकं नाही. मग शिवांजलीची पाळी. पहिला छर्रा पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला. तिनं नेम वर धरला, मग तो बाजूला गेला. तिनं श्वास रोखला, मी रोखला, आबांनी रोखला. पुठ्ठा तसाच. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तिनं बंदूक अशी हळू खाली ठेवली, जशी झोपलेल्या पोराला ठेवतात.

वीरधवल साहेब तिथून जाताना थांबले. त्यांनी ती उचलली, नळी मोडली, आणि ती दोन बोटांनी मोडली गेली. त्यांच्या भुवया वर गेल्या. "एवढी सैल? स्प्रिंग गेलीय हिची." त्यांनी छर्रा घालून मारला. तो मधेच जमिनीवर पडला. आवाज सुद्धा ऐकू आला, टक्.

"हिला रिकामी मारलीय का कुणी?"

प्रमोदिनी मॅडम शिवांजलीकडं वळल्या. शिवांजली जमिनीकडं बघत होती. ती आबांकडं बघत नव्हती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा आबा पुढं झाले आणि त्यांनी टेबलावरची बंदूक उचलली. मागच्या रांगेतली दोन माणसं खाली वाकली, गुंडाची बातमी तिथूनच निघाली असणार. आबांनी ती भरली, खांद्याला लावली, गाल टेकवला. ज्या मैदानावर त्यांना आयुष्यात कुणी सोडलं नव्हतं तसल्या मैदानावर, सगळ्यांसमोर, त्यांनी नेम धरला. फुस्स. टक्. छर्रा त्यांच्या स्वतःच्या चमकत्या बुटापासून फार लांब गेला नाही.

"साहेब," आबा म्हणाले, "पोरीला दुसऱ्या बंदुकीवर एक डाव द्या."

"आजोबा, वेळ संपलीय. एकाला दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल. बंदूक ज्याची त्यानं बघायची असते."

"तिची न्हवं ती. माजी हाय."

साहेबांनी मान हलवली आणि ते पुढच्या टेबलाकडं गेले. ओवीचं नाव यादीत आलं. ती रडली, खूप आनंद झाला म्हणून आणि शिवांजलीकडं बघून, दोन्ही एकदम.

परतीच्या एसटीत शिवांजली खिडकीशी, मधे मी, कडेला आबा. तासगाव गेलं. मग ती माझ्या डोक्यावरून म्हणाली, "आबा, मंग नानं पडत हुतं ते बंदुकीमुळं?"

आबा समोरच्या सीटच्या दांडीकडं बघत होते.

"माजा हात हालत न्हवता?"

एवढंच विचारलं. 'न्हाई' म्हणायला किती वेळ लागतो? मी मधे बसले होते, मला दोन्ही बाजूंचा श्वास ऐकू येत होता. आबांनी तोंड उघडलं, कंडक्टर आला, आबांनी तिकिटं काढून दाखवली, कंडक्टर गेला, आणि आबांनी तोंड मिटलं. रात्री चंद्राबाई आजीला म्हणे ते म्हणाले, "पोरीचा हात दगडावानी हुता." आजीनं ते मला सांगितलं, मी शिवांजलीला सांगितलं. ती म्हणाली, "तुला सांगितलं व्हय."

नंतर काही दिवस आबांनी अंगणात कुणाला उभं केलं नाही. भरतीची पोरं यायची आणि ते त्यांना नुसतं पळायला लावायचे. मग एकदा सकाळी इस्त्रीच्या शर्टात आमच्या दारात. "चल गं. साताऱ्याला जायचंय."

"मी कशाला?"

"तू तिच्याच मापाची हायस. आन् त्यो दुकानदार काय बोलतो ते तुज्या ध्यानात ऱ्हातं."

दुकानात आबा हात मागं बांधून उभे राहिले. शौनकनं ओळखलं. "काका, ॲक्च्युअली कशी चालली आहे—"

"नवशिक्याला कोंची द्यायची?" आबा म्हणाले. "पैल्यापासनं सांगा."

शौनकनं सांगितलं. सगळं, पहिल्यासारखंच, पण सावकाश. बंदूक माझ्या हातात दिली. मी खांद्याला लावली आणि आबा माझ्या हाताकडं बघत बसले, थरथरतो का. एक नको झाली, दुसरी नको झाली. तिसरी मी बराच वेळ धरली, आणि नळी एकटीनं मोडली. आबांनी शौनककडं बघितलं. शौनकनं मान हलवली. आबांनी त्या बंदुकीला हातसुद्धा लावला नाही, बांधून मलाच दिली. एसटीत ते म्हणाले, "म्हन, काय म्हनला त्यो." मी शौनक झाले. या वेळी ते हसले नाहीत. चुकलं तिथं अडवून परत म्हणायला लावलं.

शिवांजलीनं बंदूक बघितली. "बरी हाय," म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. मॅडम सांगून गेल्या की वसतिगृह गेलं तरी जिल्ह्याच्या स्पर्धा असतात, कॉलेजातून खेळता येतं. तिनं तेही ऐकून घेतलं. पुण्याचे फोन आता रविवार सोडूनही यायला लागले होते, आणि ती ते उचलायला लागली होती. बंदूक खुंटीला. ती झाडलोट करायची, खुंटीखालचं झाडायची, वर बघायची नाही.

भादवा संपत आला तेव्हा आबा मला म्हणाले, "ती आता हात लावायची न्हाई."

"लावंल की."

"न्हाई लावायची. मी वळखतो."

"खंडेनवमीला लावंल. पूजेला हत्यारं मांडायची असत्यात, दरवर्षी तीच मांडती. हातात घ्यावीच लागंल. एकदा हातात आली की झालं. पैज?"

आबांनी विचार केला. "तू जिकलीस तर कँटीनचा बिस्किटाचा मोठा डबा. मी जिकलो तर माजी नक्कल करून दावायची. माज्यासमोर. सगळ्या गावाला दावून झालीय, मलाच दावली न्हाईस."

मला वाटलं हे तर सोपंच आहे. आबांनाही ही पैज हरायचीच होती, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

खंडेनवमीला शिवांजलीनं अंगण सारवून पाट मांडला. विळा आणला, खुरपी आणली, ऊसतोडीचा कोयता, पहार, फवारणीचा पंप, आबांची पलटणीची सुरी. एकेक धुवून, पुसून, ओळीत. मी पायरीवर बसून मोजत नव्हते, पण बघत होते. सगळं मांडून झालं. पाटाच्या मधली जागा मोकळी होती. ती आत गेली, खुंटीपाशी थांबली. मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाली,

"आबा, तुमची बंदूक तुमी आना."

आबा उठले, आत गेले, बंदूक घेऊन आले, मोकळ्या जागेत ठेवली. तिनं लांबूनच तिच्यावर हळदकुंकू टाकलं, झेंडूचं फूल टाकलं. बोट कुठं टेकलं नाही. मग ती आरतीचं तबक आणायला गेली.

आबांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर ठेवून बसले. "हरलीस. कर."

मी उठले. पाठ ताठ केली, मिशीवरून हात फिरवला, खाकरले.

"खाकरतो मी त्येच्यापरास जोरात," आबा म्हणाले. "हनवटी वर. बोट आसं दावतो मी पोरास्नी, आसं न्हवं."

मी बोट बदललं. आवाज जाड केला. त्यांच्यासारखी चालले, त्यांच्यासारखी थांबले, अंगणाच्या मधोमध उभं राहून त्यांच्यासारखा हुकूम सोडला. शिवांजली तबक घेऊन बाहेर आली, मान न वळवता पाटापाशी बसली आणि वात लावायला लागली. आबा मला दुरुस्त करत राहिले, नक्कल नेमकी उतरेपर्यंत. ती उतरली ते त्यांना कळलं, कारण त्यांनी पुढं काही सांगितलं नाही.

"असाच हाय व्हय मी?" त्यांनी विचारलं.

पैजेत फक्त नक्कल ठरली होती. उत्तर ठरलं नव्हतं, म्हणून मी दिलं नाही.